दत्ताराम मेस्त्रींची स्वतःची झडप

बोरिवलीच्या त्या रुग्णालयात रविवारी दुपारी तातडीच्या विभागाबाहेर एवढी माणसं लोटली, की सुरक्षारक्षकाला वाटलं कुणा पुढाऱ्याला आणलंय. पुढारी कुणी नव्हता. ते आंबेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, होतं आणि त्यांची सभा अजून तहकूब झालेली नव्हती.

सभा दहिसरला, शाळेच्या एका वर्गात भरली होती. विषय एकच होता, मंडळाचे सचिव दत्ताराम मेस्त्री यांचा राजीनामा. दोन तपं सचिवपद सांभाळून दत्तारामांना आता सिंधुदुर्गात गावी जायचं होतं, घराच्या पडवीत बसायचं होतं आणि आंब्याची कलमं स्वतःच्या हातानं वाढवायची होती. मंडळाला ते मान्य नव्हतं. अध्यक्ष विश्राम धुरी उठून म्हणाले, "राजीनामा एकमताने फेटाळण्यात येत आहे." त्यावर दत्ताराम हरकतीचा मुद्दा मांडायला उभे राहिले आणि छाती धरून खालीच बसले. कुणी म्हणालं गॅस, कुणी सोडा आणायला पळालं. बायको जानकीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि सोडा येण्याआधी त्यांना गाडीत घातलं. मागोमाग अख्खं मंडळ निघालं.

त्या रुग्णालयातली हृदयाची सर्जन डॉक्टर संघमित्रा वाघमारे हिला हे सगळं नंतर कळलं. फोन आला तेव्हा ती वाकोल्याला आईकडे पाटावर बसली होती. पहिला घास उचललेला होता.

"हात धू आणि नीघ," आई म्हणाली. "रस्सा कुठे पळून जात नाय."

"आई, संध्याकाळपर्यंत नाही येणार मी."

"मग रस्सा अजून मुरेल. जा गं."

रविवार असल्यामुळे हायवेनं फारशी कुरकूर न करता तिला बोरिवलीला पोचवलं.

तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. पेशंटच्या दोन हातांत रक्तदाब वेगवेगळा लागत होता. त्यांनी लगेच स्कॅन केला. सुबोध सर, म्हणजे विभागाचे प्रमुख सर्जन, पडद्यासमोर हाताची घडी घालून उभे होते. संघमित्रा आल्याचं त्यांनी न वळताच ओळखलं.

"काय दिसतं?"

"महाधमनी फाटलीये. हृदयातून निघते तिथूनच. फाट वर, ती वळते त्या कमानीपर्यंत गेलीये."

"झडप?"

"गळतेय. पण पाकळ्या चांगल्या वाटतात."

"वाटतात?"

"उघडल्यावर कळेल, सर."

सर आता वळले. "मग आज उजवीकडे तू."

ऑपरेशन टेबलाच्या उजव्या बाजूला मुख्य सर्जन उभा राहतो, डाव्या बाजूला मदतनीस. अशा केसमध्ये संघमित्रा आजवर कायम डावीकडे उभी राहिली होती. तिनं मान हलवली. सर म्हणाले, "नियम ठाऊक आहे ना? आधी माणूस, मग झडप. झडपेच्या प्रेमात पडून माणूस घालवणारे सर्जन मी पाहिलेत. हुशार होते सगळे."

थिएटर तयार होईपर्यंत थोडा वेळ होता. संघमित्रा खाली आली. दत्ताराम ट्रॉलीवर होते. औषधानं वेदना बऱ्यापैकी उतरली होती, रक्तदाबही खाली आणला होता. कपाळावर घाम होता, पण डोळे सभेतल्यासारखेच सावध होते. उशाशी जानकी, पायथ्याशी विश्राम धुरी. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून मंडळाची बरीच डोकी आत डोकावत होती.

"नीट ऐका," संघमित्रा म्हणाली. "हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते तिच्या भिंतीला थर असतात. आतला थर फाटलाय. रक्त दोन थरांच्या मध्ये घुसून त्यांना सुटं करत चाललंय. फाटलेला भाग कापून तिथे कापडाची नळी शिवायची, हे आजच आणि आत्ताच करायला लागणार. थांबलो तर जिवाला धोका आहे. ऑपरेशनमध्येही आहे, पण थांबण्यापेक्षा कमी. ह्यात पर्याय नाही."

"मग पर्याय कशात आहे?" विश्राम धुरींनी विचारलं. मंडळाच्या सभांत मुरलेला माणूस, शब्द बरोबर पकडला.

"झडपेत. महाधमनीच्या तोंडाशी एक झडप असते, रक्त उलटं येऊ नये म्हणून. तिच्या तीन पाकळ्या म्हणजे तीन छोट्या झोळ्या समजा, भिंतीला कड्यांवर टांगलेल्या. भिंत सुटली, कड्या निसटल्या, म्हणून ती गळतेय. आता ती काढून धातूची बसवता येते. काम ठरलेलं, टिकाऊ. पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि वरचेवर रक्त तपासायचं. जनावराच्या ऊतीपासून केलेलीही मिळते. तिला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत झिजते, मग पुन्हा ऑपरेशन. नाहीतर ह्यांचीच झडप ठेवायची. पाकळ्या शाबूत असतील तर परत जागेवर टांगायच्या. बुंध्याची, म्हणजे झडपेभोवतीच्या महाधमनीची, भिंतच पार गेली असेल तर बुंधा कापडाचा करून त्यात ह्यांचीच झडप बसवायची. त्याला वेळ जास्त लागतो, आणि वेळ आपल्याकडे कमी आहे."

जानकीनं विश्राम धुरींकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. घराला रंग कुठला द्यायचा हा प्रश्नसुद्धा मेस्त्रींच्या घरात मंडळाच्या कानावर घातल्याशिवाय सुटत नसे.

धुरी दाराकडे वळले. "मंडळी, ऐकलात ना? धातूची टिकाऊ. मी सूचना मांडतो."

"अनुमोदन," दारातून आवाज आला.

"विरोधात कोण? कोण नाय. ठराव मंजूर. डॉक्टर, धातूची बसवा, चांगल्यातली."

संघमित्रा वाकोल्यात वाढली होती. तिनं वस्तीतल्या सभा पाहिल्या होत्या, भांडणं पाहिली होती, एकदा सतरंजीवरून झालेली मारामारीही पाहिली होती. पण माणसाच्या झडपेवर ठराव झालेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"अध्यक्ष," जानकी म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळी गप्प झाली. "धातूची बसवली म्हणजे रक्त तपासायला सारखं तालुक्याला जायला लागणार. गावात दिवसाला एसटी किती, तुम्हाला माहीत आहे. हातात कोयती घेऊन कलमांत फिरणारा माणूस, जरा कापलं तरी रक्त थांबायचं नाही. म्हणजे हे गावाला राहू शकत नाहीत. म्हणजे मुंबईतच. म्हणजे सचिव कोण?"

विश्राम धुरींचे कान लाल झाले. "तसा काय नाय, वयनी."

"तसंच आहे. झडपेवर मंडळाचं नाव घालायचं राहिलंय फक्त. देवळातल्या बाकड्यावर घालता तसं."

दारात कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

"एक मिनिट," संघमित्रा म्हणाली. "पेशंट शुद्धीवर आहे. सही त्यांची. मत त्यांचं. मेस्त्री, बोला."

दत्तारामांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग पुढे केलेल्या पेनाकडे. "माका सही करता येवची नाय," ते म्हणाले.

"का? हात दुखतोय?"

"ज्येचो विषय, त्येना मत देवचा नाय. मंडळाचो नियम असा. मीच केलेलो."

संघमित्रानं आजवर सही न करणारे पेशंट पाहिले होते. घाबरलेले, चिडलेले, मुलाची वाट बघणारे. हितसंबंध येतो म्हणून स्वतःच्या महाधमनीवर मत न देणारा हा पहिला. वरून थिएटर तयार असल्याचा निरोप आला. ती समजावायला तोंड उघडणार तोच जानकी पुढे झाली आणि तिनं कागद नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

"अवो, ह्यो ठराव नाय," ती म्हणाली. "ह्यो अर्ज. अर्जार सही अर्जदाराचीच लागता. का नाय?"

दत्तारामांनी क्षणभर विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "ता बरोबर." आणि पूर्ण नावानिशी, वळणदार, सही केली.

"झडपेचं काय?" संघमित्रानं विचारलं.

"माजी हा ती ऱ्हवांदे."

"प्रयत्न करीन. शब्द देत नाही. आत गेल्यावर जीव की झडप अशी वेळ आली तर मी जीव धरणार. चालेल?"

"चलात," दत्ताराम म्हणाले. मग विश्राम धुरींकडे वळून, "सभा तहकूब कर रे मेल्या. ह्येंका जेवक सोड."

जेवायला कुणीच गेलं नाही. रक्तपेढीनं रक्तदाते लागतील म्हणून सांगितल्याबरोबर अख्खं मंडळ रांगेत उभं राहिलं, आणि रांगेत पुढे कोण यावरून त्यांची एक छोटी चर्चाही झाली.

थिएटरमध्ये संघमित्रा उजवीकडे उभी राहिली. सुबोध सर डावीकडे. डोक्याशी भूलतज्ज्ञ किरण होता, आणि हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रापाशी रश्मी.

"काय म्हणतंय मंडळ?" किरणनं विचारलं.

"झडपेचा ठराव केला त्यांनी."

"मंजूर?"

"एकमतानं. बायकोनं उडवला."

"झकास," रश्मी यंत्राकडे बघत म्हणाली. "आमच्या सोसायटीत पाठव ना तिला."

छाती उघडली. महाधमनी जांभळी, फुगलेली दिसत होती. तिला नुसता धक्का लागायचा अवकाश. खांद्याजवळच्या धमनीतून यंत्र जोडलं, रक्त थंड करायला घेतलं, म्हणजे पुढे रक्ताभिसरण थांबवलं तरी शरीर तग धरेल. शरीर गार होत गेलं, हृदय थांबवलं आणि संघमित्रानं महाधमनी उघडली.

फाट झडपेच्या थोडी वर होती, आडवी. दोन थरांच्या मध्ये काळपट गुठळी साठली होती. ती तिनं हलक्या हातानं काढली. मग तिनं पाकळ्या पाहिल्या. तिन्ही पातळ, स्वच्छ, कडा एकसारख्या. कुठे चुना साचलेला नाही, भोक नाही. निसटलेल्या होत्या त्या फक्त कड्या, तीनपैकी दोन.

"सर, पाकळ्या उत्तम आहेत."

सरांनी वाकून पाहिलं. "बुंधा?"

"एका बाजूला थर सुटलेत, पण बाहेरची भिंत धड आहे. रुंदी वाढलेली नाही. बुंधा बदलायची गरज नाही. थर सांधते आणि कड्या परत टांगते."

"घे."

तिनं सुट्या थरांमध्ये जाड कृत्रिम कापडाची पट्टी सरकवली आणि ते शिवून एक केले. मग कड्या. प्रत्येक कडीला, धड राहिली होती तिलाही, एक टाका, टाका भिंत चिरून निसटू नये म्हणून आतबाहेर कापडाचे बारके तुकडे. तिन्ही बांधून झाल्यावर तिनं बुंध्यात पाणी सोडलं. झडप मिटली तर पाणी राहतं. नाही मिटली तर खाली उतरतं.

पाणी उतरलं.

तिनं पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा तेच, एका बाजूनं सरळ धार.

"आता?" सरांनी विचारलं. आवाज तोंडी परीक्षेतला होता. "धातूची झडप बाहेर तयार ठेवलीये. बसवलीस तर तुला कुणी नावं ठेवणार नाही. मी तर नाहीच."

संघमित्राला ते ठाऊक होतं. मोह तोच होता. बसवायची, काम संपवायचं, बाहेर जाऊन सांगायचं की जीव वाचला. ते खोटंही नसतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग रश्मीकडे.

"गार व्हायला अजून वेळ आहे," रश्मी म्हणाली. "आत्ता वेळ हातात आहे. पुढे नसेल."

संघमित्रा पाकळ्यांकडे बघत राहिली. दोन पाकळ्या एका पातळीवर भेटत होत्या. तिसरी थोडी खाली, थकल्यासारखी. पाकळीत दोष नव्हता. दोष तिच्या स्वतःच्या टाक्यात होता. सुजलेल्या भिंतीवर उंचीचा अंदाज चुकला होता आणि कडी केसभर खाली बांधली गेली होती.

"तिसरी कडी खाली लागलीये, सर. माझीच चूक. टाका काढून वर घेते."

"एकदाच."

"एकदाच. नाही जमलं तर धातूची."

टाका कापला. दुसऱ्या दोन कड्यांची उंची तिनं मोजून पाहिली, तिसरीची जागा ठरवली, आणि टाका घातला. गाठ मारताना सरांची बोटं तिच्यासाठी धागा ताणून धरत होती, अगदी एका रेषेत, जशी ती स्वतः इतकी वर्षं त्यांच्यासाठी धरत आली होती.

पाणी सोडलं.

पाणी वाटीत राहावं तसं राहिलं. तिनं मनात सावकाश आकडे मोजले. पाणी तसंच. वर थिएटरचा दिवा चमकत होता.

"बघत काय बसलीस?" सर म्हणाले. "पुढे."

पुढचं काम लांब होतं, पण ओळखीचं होतं. शरीर पुरेसं गार झाल्यावर रक्ताभिसरण थांबवलं, फक्त मेंदूकडे रक्त चालू ठेवलं. कमानीच्या खालच्या अंगाला कापडाची नळी शिवली. मग रक्त पुन्हा सुरू केलं, ऊब द्यायला घेतली आणि नळीचं दुसरं टोक झडपेच्या वर जोडलं. हृदय आधी थरथरलं, मग एक ठोका पडला, मग दुसरा, आणि मग ते सभेला उशिरा पोचलेल्या सभासदासारखं काही न झाल्याचा आव आणून कामाला लागलं.

अन्ननलिकेतून सोडलेल्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे किरण डोळे बारीक करून बघत होता.

"गळती किती?" संघमित्रानं विचारलं.

"शोधतोय."

"किरण, मस्करी नको."

"खरंच शोधतोय यार. एक बारीक रेघ आहे. ती पण मनात आणलं तर दिसते."

सुबोध सरांनी हातमोजे ओढून काढले. "छाती तूच बंद कर," ते म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन थांबले. "मघाशी चूक कुणाची होती?"

"माझी."

"हं. ओळखलीस लवकर." एवढं बोलून ते गेले. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक झाल्याचं विभागात कुणाला आठवत नव्हतं.

बाहेर दिवे लागले होते. मंडळ अजून तिथेच होतं. रक्त देऊन दंडावर पट्टी लावलेली माणसं बाकांवर ओळीनं बसली होती. संघमित्रा दिसताच सगळी उठली. जानकी मात्र उठली नाही. तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं.

"आहेत?"

"आहेत. अजून दोन-तीन दिवस जपायचे. पण हृदय स्वतःहून चाललंय."

"आणि ती?"

"ती त्यांचीच. होती तीच."

जानकीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे कळेना. बहुधा दोन्ही. मग पदर बाजूला करून ती विश्राम धुरींना म्हणाली, "ऐकलंत ना अध्यक्ष?"

विश्राम धुरी चष्मा पुसत होते. "ऐकलं. वयनी, दत्ता आत जाताना मेल्या म्हणाला माका. वाटला, ह्योच शेवटचो शब्द ऱ्हवतलो की काय." त्यांनी चष्मा घातला, तो पुन्हा भरला, पुन्हा काढला. "जावंदे त्येका गावाक. आमी बघू काय ता. नवो सचिव कोण होतलो रे आता?"

इतका वेळ डॉक्टरकडे टक लावून बघणारं मंडळ एकदम छताकडे, फरशीकडे, मोबाइलकडे बघायला लागलं.

"बघा," धुरी संघमित्राला म्हणाले. "म्हणान सोडूक नाय होतो त्येका."

दत्ताराम घरी गेले. तीन महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे, दोघं तपासणीला आली. दत्ताराम थोडे वाळले होते, छातीवरची खूण शर्टाच्या गळ्यातून डोकावत होती. संघमित्रानं नवा स्कॅन पाहिला. शिवण उत्तम होती. कमानीच्या पुढे थरांमधली जुनी फाट थोडी शिल्लक होती, पण वाढलेली नव्हती. झडपेची गळती नावापुरती.

"गावाला जायचं ना?" ती म्हणाली.

दत्तारामांनी जानकीकडे पाहिलं. जानकीनं डॉक्टरकडे.

"जा. रक्तदाबाच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. वर्षातून एकदा स्कॅनला यायचं. झाडावर चढायचं नाही. पाण्याच्या कळश्या उचलायच्या नाहीत."

"कोयती?"

"कोयती चालेल. हलकी कामं."

"कलमा बांधूक?"

"बांधा."

"आणि रागावलेलं?" जानकीनं विचारलं. "रागावलेलं चालेल?"

"कुणावर?"

"गावात पण समिती आहे, डॉक्टर. देवळाची. ह्यांना आत्तापासूनच फोन येतायत."

"समितीत जायचं नाही," संघमित्रा म्हणाली. "हा ठराव नाही, औषध आहे."

दत्ताराम हरकत घ्यायच्या बेतात होते, पण तिनं स्टेथोस्कोप छातीवर टेकवल्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. तिनं ऐकलं. दोन ठोके, स्वच्छ, दाराची कडी बसावी तसे, आणि मध्ये काही नाही. त्या दिवशी तातडीच्या विभागात ह्याच जागी वाऱ्यासारखा फुसफुसता आवाज होता.

"कसा येता आवाज?" त्यांनी विचारलं.

संघमित्रानं स्टेथोस्कोप कानांतून काढला आणि जानकीच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्यांना."

जानकीनं तो आधी उलटा घातला. मग संघमित्रानं सरळ करून दिला आणि टोक जागेवर धरलं. जानकी डोळे मिटून ऐकायला लागली. बराच वेळ ऐकत राहिली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं तरी तिची मान हलेना. दत्ताराम अस्वस्थ झाले.

"काय म्हणता ती?"

"गप ऱ्हवा वो," जानकी डोळे न उघडता म्हणाली. "इतक्या वर्षांत पयल्यांदा तुमचा म्हणणा पटता माका."